चांद मोठा दिसतो तेव्हा

चांदच्या चौदा तारखेला मगरिबच्या सुमारास गच्चीवर जा आणि जाताना घरातली तसबीह बरोबर घ्या. पूर्वेकडे घरांच्या आडून चंद्र वर येत असेल. तो केवढा दिसतो हे वेगळे सांगायला नको, लहान मुले तर धावत येऊन सांगतात, "अम्मी, चांद बघ केवढा!" आता हात पूर्ण लांब करा, एक डोळा मिटा आणि तसबीहचा एक मणी चंद्रावर धरा. मणी सहा-एक मिलिमीटरचा असेल तर तो परातीएवढा वाटणारा चंद्र त्याच्याआड जवळजवळ पूर्ण लपतो. मणी जरा लहान असेल तर सभोवती चंद्राची बारीक कड उरेल. ती किती उरते तेवढे लक्षात ठेवा.

मग जेवण आणि इशाची नमाज उरकून अकरा-साडेअकराला पुन्हा गच्चीवर या. चंद्र वर चढलेला असेल आणि आता तो वाटीएवढाच वाटेल. तोच हात, तोच डोळा, तोच मणी. चंद्र पहिल्याइतकाच लपेल, कड पहिल्याइतकीच उरेल. तसबीह जवळ नसेल तर मटारचा लहान दाणा टाचणीला टोचून घ्या, काम तेच होते.

दोन्ही वेळचा चंद्र आपल्या डोळ्यात सारख्याच मापाने शिरतो आणि तरीही एक मोठा दिसतो, एक लहान. मला यातली पुढची गोष्ट अधिक विलक्षण वाटते. मणी समोर धरला की खरे माप कळते, पण मणी खाली घेतला की चंद्र पुन्हा तेवढाच थोरला! खरे काय ते समजल्यावरही डोळा आपले म्हणणे सोडत नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान नाही. पण हा विषय विज्ञानाच्या तासापुरता नाही. रमजानच्या आणि ईदच्या चांदरातीला दरवर्षी कुठे ना कुठे वाद ऐकू येतो: "एवढा मोठा चांद? म्हणजे हा कालचाच होता. आपला एक रोजा गेला." कधी हा वाद दोन मोहल्ल्यांत असतो, कधी एकाच दस्तरखानावर. त्या वादाकडे शेवटी येऊ. आधी नजर आकार कसा ठरवते ते पाहू.

चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आणि त्याचे आपल्यापासूनचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. या हिशेबाने तो आकाशात सुमारे अर्धा अंश जागा व्यापतो. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक पाहा, त्यावरच्या दोन शेजारच्या रेघांमधल्या जागेच्या निम्मा. बारकाईने पाहिले तर उगवता चंद्र किंचित लहानच असतो. तो डोक्यावर येईपर्यंत पृथ्वी आपल्याला फिरवून त्याच्या सुमारे ६,४०० किलोमीटर जवळ नेते, म्हणून डोक्यावरचा चंद्र दीड-पावणेदोन टक्क्यांनी मोठा. शिवाय क्षितिजाजवळच्या जाड हवेतून येताना प्रकाश वाकतो आणि उगवता चंद्र उभ्या अंगाने थोडा दबतो. "हवेमुळे मोठा दिसतो" हे उत्तर शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येते, पण हवा त्याला फुगवत नाही, उलट चपटा करते. तांबूस रंग तेवढा हवेचा.

वर्तमानपत्रे अधूनमधून 'सुपरमून'ची बातमी देतात. सर्वांत जवळ आलेला पौर्णिमेचा चंद्र सर्वांत दूरच्या पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा व्यासाने जास्तीत जास्त चौदा टक्के मोठा असतो, आणि तेही दोघांना शेजारी ठेवता आले तर कळणार. उगवत्या चंद्राचा भास मात्र सव्वा ते दीडपटीचा भरतो. बातमी वाचून संध्याकाळी गच्चीवर गेलेले लोक "खरंच मोठा आहे" म्हणतात, तेव्हा ते बहुतेक या भासालाच दाद देत असतात.

फळ्यावरची दोन वर्तुळे

ऑफ तासाला मुलांना शांत बसवायचे असेल तर मी एक खेळ घेते. स्टीलच्या पेल्याची कड फळ्यावर टेकवून खडूने दोन वर्तुळे काढायची, अगदी सारखी, मुलांच्या डोळ्यांदेखत. मग एकाभोवती डब्याच्या झाकणाने मोठमोठी सहा वर्तुळे काढायची आणि दुसऱ्याभोवती बाटलीच्या बुचाने लहान लहान आठ-दहा. आता विचारायचे, मधले कोणते मोठे? पेला दोनदा टेकवलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो, तरी वर्ग एकमुखाने सांगतो की लहानांच्या घोळक्यातले मोठे. मग कोणीतरी उठून पेला पुन्हा लावून बघते. पेला दोन्हीकडे चपखल बसतो, आणि जागेवर परत जाताना तेच मूल म्हणते, "टीचर, पण दिसतंय तर मोठंच."

ही आकृती जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांच्या नावाने ओळखली जाते. शिकलेली गोष्ट माणूस किती वेगाने विसरतो याचा अभ्यास करणारे ते हेच. बीएडला त्यांचे नाव परीक्षेसाठी पाठ करावे लागते आणि मग त्यांच्याच नियमाने ते विसरले जाते. इंग्रजी जगात ही आकृती एडवर्ड टिचनर यांच्या १९०१ च्या पाठ्यपुस्तकामुळे पसरली, म्हणून काही ठिकाणी तिला टिचनरची वर्तुळे म्हणतात.

यावर झालेले काम वाचताना शिक्षक म्हणून मी एका ठिकाणी थबकले. स्कॉटलंडमधील संशोधकांनी २०१० मध्ये चार ते दहा वर्षांची मुले आणि मोठी माणसे यांना अशी वर्तुळे दाखवली. भोवतालामुळे फसण्यात मोठी माणसे पुढे निघाली. सात वर्षांखालची मुले फारशी फसलीच नाहीत. त्यांनी मधले वर्तुळ पाहिले आणि खरे तेच सांगितले. नंतरच्या सगळ्या संशोधकांना अगदी हेच आढळले असे नाही, लहान मुलांकडून नेमके उत्तर काढून घेणे किती अवघड ते आम्हा शिक्षकांना ठाऊकच आहे. पण एकूण सूर असा की भोवतालाकडे पाहून आकार ठरवण्याची सवय वयाबरोबर वाढत जाते. घरात पाच-सहा वर्षांचे मूल असेल तर कागदावर करून पाहा. मात्र "कोणते मोठे दिसते?" असे न विचारता त्या मापाची गोळी किंवा बटण हातात देऊन "हे कुठे बरोबर बसेल?" असे विचारा, उत्तर अधिक भरवशाचे मिळते.

वयाइतकाच फरक राहणीने पडतो. आफ्रिकेतल्या नामिबिया देशाच्या उत्तरेला हिंबा नावाचे गुरेढोरे पाळणारे लोक राहतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांना हीच वर्तुळे दाखवली, तर ते इंग्लंडच्या लोकांपेक्षा बरेच कमी फसले. पुढच्या अभ्यासात शहराशी संबंध आलेल्या हिंबांची नजर शहरी माणसासारखी होऊ लागलेली दिसली. असे काम आपल्या देशातही फार पूर्वी झाले आहे. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाच्या इंग्रज संशोधकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निलगिरीतल्या तोडा लोकांना बाणाच्या टोकांच्या दोन रेघा दाखवल्या. एकीची टोके आत वळलेली, दुसरीची बाहेर. रेघा सारख्या, पण बाहेर वळलेली लांब दिसते. तोडा लोक या आकृतीला इंग्रजांपेक्षा कमी बळी पडले. आडव्या आणि उभ्या रेघेच्या दुसऱ्या एका भासात मात्र ते अधिक फसले. म्हणून कोणाची नजर 'साधी' आणि कोणाची 'हुशार' अशी वाटणी करता येत नाही. ज्याच्या डोळ्यांना जे पाहायची सवय, तसा त्याचा भास.

बाजाराला ही गोष्ट आपल्या आधीच कळलेली असते. सोनाराच्या दुकानात अंगठीतल्या मधल्या खड्याला चिकटून बारीक खड्यांची कडी बसवतात. ती केवळ शोभेची नसते, तिच्यामुळे मधला खडा मोठा भासतो. वर्तुळाला जवळून वेढणारी कड असली की आतले वर्तुळ फुगल्यासारखे दिसते आणि कड दूर गेली की आकसल्यासारखे, हे बेल्जियमच्या जोझेफ डेल्बफ यांनी १८६५ मध्येच दाखवले होते. ताटालाही हेच लागू पडते: तेवढाच भात लहान ताटलीत भरपूर दिसतो, परातीत चिमूटभर. यावरून महिलांच्या पानांवर "लहान ताट घ्या, आपोआप कमी खाल" असा सल्ला येत असतो. ताटातला भास खरा आहे, पण त्याने पोट फसते का, याचा पुरावा डळमळीत आहे. हा सल्ला ज्या अमेरिकी प्राध्यापकांमुळे फार गाजला त्यांचे बरेच शोधनिबंध २०१८ च्या सुमारास मागे घ्यावे लागले. तेव्हा ताट बदलण्याआधी तेल बदलावे हे बरे.

किताब अल-मनाजिर

उगवता चंद्र मोठा का दिसतो हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचे टॉलेमी यांनी आपल्या ग्रहगणिताच्या मोठ्या ग्रंथात लिहिले की क्षितिजाजवळच्या दमट हवेमुळे तो मोठा दिसतो, पाण्यात बुडवलेली वस्तू मोठी दिसते तसा. टॉलेमींचा शब्द पुढे कित्येक शतके प्रमाण मानला गेला.

या उत्तराच्या पलीकडे जाणारा माणूस बसऱ्यात सुमारे ९६५ मध्ये जन्मला: अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम. फातिमी खलिफा अल-हाकिम यांच्या काळात ते कैरोला आले. नाईलच्या पुराला आवर घालण्याची योजना त्यांनी मांडली, प्रत्यक्ष नदी पाहिल्यावर ते जमणारे नाही हे ओळखले, आणि खलिफाच्या रागाला भिऊन वेड्याचे सोंग घेऊन घरात कोंडून राहिले, अशी हकिकत जुने चरित्रकार सांगतात. ती शब्दशः खरी असो वा नसो, युक्लिड आणि टॉलेमी यांच्या ग्रंथांच्या नकला करून ते पोट भरत, असेही तेच चरित्रकार लिहितात. १०११ ते १०२१ या काळात त्यांनी सात भागांचा 'किताब अल-मनाजिर' लिहिला असे मानले जाते.

उर्दू शिकवणारीला या नावापाशी थांबल्याशिवाय राहवत नाही. 'मनाजिर' हे 'मंजर'चे अनेकवचन. उर्दूत मंजर म्हणजे देखावा. त्याच धातूपासून 'नजर', त्यातूनच वाट पाहणारा 'मुंतजिर' आणि दृष्टिकोन या अर्थाचा 'नजरिया'. मराठीनेही नजर, नजरचूक, नजरकैद असे शब्द आपलेसे केले. पाहणे ही डोळ्यांची क्रिया आणि पाहून मत बनवणे ही मनाची, या दोन्ही गोष्टी या एका धातूत शेजारी बसल्या आहेत. इब्न अल-हैसम यांचा ग्रंथही नेमका या दोहोंबद्दल आहे.

त्यांचे म्हणणे साध्या भाषेत असे. डोळ्यात शिरते ते वस्तूचे माप नव्हे, तिने व्यापलेला कोन. डोळ्यासमोर धरलेला तळहात समोरची अख्खी मशीद झाकतो, पण तळहात मशिदीहून मोठा असे कोणी म्हणत नाही; कारण तळहात जवळ आणि मशीद लांब हे आपण मनात धरलेले असते. मन कोन आणि अंतर एकत्र करून आकार ठरवते, आणि इतक्या झटपट की आपण काही ठरवले हेही कळत नाही. अंतर कशावरून कळते? मध्ये पसरलेल्या जमिनीवरून, तिच्यावरच्या ओळखीच्या वस्तूंवरून. मध्ये काहीच नसेल तर अंतराचा अंदाज बिघडतो.

आता आकाश. डोक्यावर पाहिले तर मध्ये काहीच नाही. क्षितिजाकडे पाहिले तर शेते, झाडे, घरे, डोंगर अशी रांग लांबवर गेलेली. म्हणून आकाश आपल्याला अर्धगोलासारखे न वाटता पसरट छतासारखे वाटते: मध्ये जवळ, कडेला दूर. चंद्र कुठेही असला तरी कोन अर्धाच अंश. पण कडेचा चंद्र मनाने 'दूर' ठरवलेला, आणि जी वस्तू दूर असूनही तेवढाच कोन व्यापते ती मोठी असलीच पाहिजे, असा हिशेब मन करून टाकते. हवेतल्या बाष्पाचा परिणाम कधीमधी भर घालत असेल, असे त्यांनी टॉलेमींना अगदी सोडून न देता म्हटले आहे, पण मूळ कारण पाहणाऱ्याच्या अंदाजात ठेवले आहे. हा विवेचनाचा भाग त्यांच्या सातव्या खंडात आहे.

या हिशेबाचा पडताळा घरात घेता येतो. पांढऱ्या कागदावर रुपयाच्या नाण्याएवढे काळे वर्तुळ रंगवा, त्याच्याकडे अर्धा मिनिट एकटक पाहा आणि मग नजर कोऱ्या वहीवर वळवा. वहीवर एक फिकट ठिपका तरंगेल. आता लगेच समोरच्या भिंतीकडे पाहा, ठिपका कितीतरी मोठा झालेला दिसेल. डोळ्यातला डाग तोच आहे. तो दूरच्या भिंतीवर आहे असे मनाने धरले, म्हणून त्याला मोठे केले. एमिल एमर्ट यांनी १८८१ मध्ये हा नियम मांडला. (यासाठी सूर्याकडे किंवा झगझगीत दिव्याकडे मुलांना मुळीच पाहू देऊ नका. काळे वर्तुळ पुरते.)

इब्न अल-हैसम यांचा ग्रंथ १२०० च्या सुमारास लॅटिनमध्ये गेला आणि १५७२ मध्ये बाझेल शहरात छापला गेला. युरोपने त्यांचे नाव अल्हाझेन असे केले. १६४७ मध्ये योहानेस हेवेलियस यांनी चंद्राच्या नकाशांचा जो मोठा ग्रंथ काढला, त्याच्या पहिल्या चित्रात दोन माणसे उभी आहेत: एका बाजूला हातात भूमितीची आकृती घेतलेले अल्हाझेन, दुसऱ्या बाजूला दुर्बीण घेतलेले गॅलिलिओ. आपल्या घरांत मुलांना "आपल्या लोकांनी हे शोधले, ते शोधले" अशी यादी ऐकवली जाते. मला त्या यादीचा कंटाळा आहे. एक तरी पान उघडून त्या माणसाने नेमका काय विचार केला हे मुलांना दाखवले, तर यादीची गरज राहत नाही.

आडोसा धरला की चंद्र आकसतो

विसाव्या शतकात हार्वर्ड विद्यापीठाचे एडविन बोरिंग यांनी वेगळे कारण मांडले: मान सरळ असताना आणि डोळे वर वळवताना डोळ्यांच्या स्नायूंवर येणाऱ्या ताणामुळे फरक पडत असावा. हे खरे की हजार वर्षांपूर्वीचे म्हणणे खरे, याचा निवाडा करण्यासाठी लॉइड कॉफमन आणि अर्व्हिन रॉक यांनी न्यूयॉर्क परिसरात प्रयोग केले आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. अर्धपारदर्शक काचेतून त्यांनी आकाशात कृत्रिम चंद्र 'टांगले', एक क्षितिजावर, एक उंच, आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखे दिसेपर्यंत एकाचे माप बदलू दिले. डोळ्यांच्या वर-खाली होण्याने फारसे काही घडत नव्हते. पण पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून फक्त चंद्र दिसेल आणि खालची जमीन झाकली जाईल असे केले, की मोठेपणा नाहीसा. वर्तमानपत्राची सुरळी करून उगवत्या चंद्राकडे पाहिले तर आपल्यालाही हेच दिसते. मोबाइलने काढलेला चंद्राचा फोटो इवलासा का येतो, याचे उत्तरही बरेचसे इथेच आहे. मोबाइल अर्ध्या अंशाला अर्धाच अंश जागा देतो, बिचारा अंदाज बांधत नाही.

ईदला व्हॉट्सॲपवर मिनाराच्या मागे राक्षसी चंद्र असलेले फोटो फिरतात. त्यांतले काही बनावट असतात, पण सगळे नव्हेत. छायाचित्रकार मिनारापासून दोन-अडीच किलोमीटर मागे जाऊन लांबच्या भिंगाने फोटो काढतो. दूर गेल्याने मिनार लहान होतो. चंद्र मात्र कितीही मागे गेले तरी तेवढाच. मग आपण चंद्राला मिनाराच्या मापाने मोजतो.

प्रश्न पूर्ण सुटला असे मात्र समजू नका. अंतराच्या उत्तराला एक अडचण आहे: "उगवता चंद्र जवळ वाटतो की दूर?" असे विचारले तर बहुतेक माणसे "जवळ" म्हणतात. मन त्याला दूर धरून मोठा करते म्हणावे, तर मग तो जवळ का वाटतो? काही अभ्यासक म्हणतात, मन आतून दूर धरते, त्यामुळे मोठा दिसतो, आणि मोठा दिसला म्हणून विचारल्यावर आपण जवळ म्हणतो. दुसरे काही म्हणतात, हे फळ्यावरच्या वर्तुळांसारखेच आहे. क्षितिजावर चंद्राच्या शेजारी दूरची बारीक झाडे-घरे असतात म्हणून तो मोठा, वर अफाट रिकामे आकाश असते म्हणून लहान. मला हे दुसरे उत्तर एकट्याने पुरेसे वाटत नाही. कोकण किनाऱ्यावर उभे राहून अरबी समुद्रात मावळणारा चंद्र पाहिला आहे; तिथे झाड ना घर, तरी तो भला थोरला दिसतो. बहुधा दोन्ही कारणे मिळून काम करतात.

हे सगळे मेंदूत कुठे घडते, याची थोडी झलक २००६ मध्ये मिळाली. मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात माणसांना एका लांब बोळाचे चित्र दाखवले, त्यात एक चेंडू जवळ आणि एक दूर, दोघे कोनाने सारखे. दूरचा मोठा भासला, आणि डोळ्यांकडून येणारी माहिती मेंदूच्या ज्या पहिल्या पट्ट्यात उतरते तिथेच त्याने जास्त जागा व्यापलेली आढळली. भास म्हणजे सावकाश विचार करून बनवलेले मत नव्हे, तो दिसण्यातच मिसळलेला असतो. मणी खाली घेतला की चंद्र पुन्हा मोठा होतो तो यामुळेच.

कालचा की आजचा

आता चांदरातीच्या वादाकडे. पहिल्या रात्रीचा चांद नेहमी पश्चिम क्षितिजाजवळ, सूर्य बुडाल्यानंतर थोडाच वेळ दिसतो. म्हणजे ज्या जागी चंद्र आपल्याला सर्वांत मोठा भासतो, नेमक्या त्याच जागी आपण त्याला बघायला जातो. उंच इमारतींच्या फटीत, झाडाच्या फांद्यांमध्ये, मिनाराशेजारी. महिन्याच्या दहा तारखेचा डोक्यावरचा चंद्र पाहून कोणी आकारावरून वाद घालत नाही.

पण वाद फक्त भासाचा नाही, कोर कधी खरोखरच जाड असते. त्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. चांदचे वय अमावास्येच्या क्षणापासून मोजतात आणि तो क्षण दिवसा-रात्री कधीही येऊ शकतो. समजा एका महिन्यात २९ तारखेच्या संध्याकाळी चांद वीस तासांचा आहे. तो सूर्यापासून साधारण दहा अंश दूर असतो आणि त्याच्या थाळीचा जेमतेम पाऊण टक्का भाग उजळलेला असतो. हवा स्वच्छ असेल तर दिसतो, केसासारखा. आता दुसरा महिना घ्या. २९ च्या संध्याकाळी चांद फक्त बारा तासांचा आहे; नुसत्या डोळ्यांनी तो कोणाला दिसत नाही, आणि तीस पूर्ण होतात. दुसऱ्या संध्याकाळी तो छत्तीस तासांचा झालेला असतो: सूर्यापासून अठरा अंश, उजेड सुमारे अडीच टक्के, म्हणजे वीस तासांच्या चांदच्या तिप्पट. तो उंच असतो, जाड असतो, सूर्य बुडाल्यानंतर तासभर तरी रेंगाळतो. आणि तरीही तो पहिल्या रात्रीचाच असतो. काल तो आकाशात होता, पण डोळ्यांना दिसण्याजोगा नव्हता. "एवढा जाड, म्हणजे कालचा" हा तर्क इथे कोसळतो.

चांदची ग्वाही कोणाची घ्यावी, गणिताला किती मान द्यावा, हे ठरवायला उलेमा आणि हिलाल कमिट्या आहेत. तो माझा अधिकार नाही. पण नुसत्या आकारावरून निकाल देण्याबद्दल एक जुनी हकिकत सहीह मुस्लिममध्ये रोजांच्या प्रकरणात आहे. काही लोक उमऱ्यासाठी निघाले होते. बत्ने नख्ला या ठिकाणी मुक्कामाला असताना त्यांना चांद दिसला. कोणी म्हणाले तीन रात्रींचा असावा, कोणी म्हणाले दोन रात्रींचा. पुढे हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांची भेट झाली तेव्हा त्यांनी हा वाद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चांद किती मोठा होता हे विचारलेच नाही. तुम्ही तो कोणत्या रात्री पाहिला, एवढेच विचारले. लोकांनी रात्र सांगितली, आणि पैगंबर (स.) यांच्या शिकवणीचा हवाला देऊन त्यांनी सांगितले की ज्या रात्री तुम्ही पाहिला त्याच रात्रीचा तो. मुहद्दिसांनी या हदीसच्या वर दिलेला मथळाही हाच आहे, की चांदच्या लहान-मोठेपणाचा यात विचार नाही.

इब्न अल-हैसम यांच्या नावाचे एक विवर चंद्रावर आहे, तीसेक किलोमीटर रुंद. ते चंद्राच्या अशा कडेजवळ आहे जिथे नव्या चांदचा उजेड सर्वांत आधी पोचतो. ईदनंतर तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी कोणाकडे बरी दुर्बीण असेल तर कोरीच्या बाहेरच्या कडेजवळ, 'मारे क्रिझियम' नावाच्या काळसर लंबगोल मैदानाच्या पलीकडे, ते शोधता येते.